लाल गाडी कुणाची?

इतिहास म्हटला की शाळेत आपल्याला किल्ले, तलवारी आणि राजांच्या वंशावळी पाठ करायला लावल्या. बसचा इतिहास कुणी शिकवला नाही. शिकवणार कशाला? बसमधून राजे जात नाहीत, आपण जातो. पहाटेच्या पहिल्या गाडीला जी माणसं लोंबकळतात त्यांच्यात झाडूवाल्या बाया असतात, रात्रपाळी करून सुटलेले वॉचमन असतात, भाजीच्या पाट्या घेतलेल्या मावश्या असतात. त्या गाडीचा इतिहास दुसरा कोण लिहिणार? मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. मास्तर नाही, प्राध्यापक तर नाहीच. पण मुंबईच्या बेस्टची हकीगत मिळेल तिथून जमवत आलोय. ती सांगताना मला एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. गाडीत बसायला मिळणं हा एक हक्क. गाडी चालवायला मिळणं हा दुसरा. पहिला हातात ठेवून दुसरा गुपचूप काढून घेतला जातोय, आणि आपल्या सभांत त्यावर ब्र निघत नाही.

सुरुवात मुंबईतून नको. मसूर स्टेशनातून करू.

साल १९०१. भीमराव नावाचा नऊ-दहा वर्षांचा पोरगा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं आगगाडीतून मसूरला उतरली. वडिलांकडे जायचं होतं. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. आगगाडीने तिकीट घेऊन त्यांना बिनतक्रार आणलं होतं. पण स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या, आणि महाराची पोरं आहेत हे कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्याला, आणि वर अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. भाडं दुप्पट आणि गाडीवानाचं कामही आपलंच!

आता १९२९. तोच पोरगा आता बॅरिस्टर झालाय, मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद आहे, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या समितीवर आहे. त्याच कामातून परतताना चाळीसगावला उतरला. महारवाड्यातल्या माणसांनी टांगा आणला. पण टांगा हाकायला टांगेवाला तयार नाही. महाराला बसवून टांगा हाकणं त्याच्या इभ्रतीला खाली आणणारं. मालकाने तोड काढली: टांगा घेऊन जा, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतला एक जण पुढे झाला, त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीशी चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा नि टांगा खाली नदीत. पाय मोडला. कित्येक दिवस चालता येत नव्हतं.

हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेत. आपण ते भाषणात सांगतो, टाळ्या घेतो, पुढे जातो. पण जरा थांबून त्यातली कळ बघा. पैसे होते. डिग्र्या होत्या. सरकारी समिती पाठीशी होती. तरी वाहन मिळालं नाही, कारण बैलगाडी काय, टांगा काय, दोन्ही खाजगी मालाचे. मालकाची मर्जी हाच कायदा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या होत्या. टांगेवाल्याच्या मनावर कोण ठराव करणार? सार्वजनिक वाहनात बसू न देणं हा गुन्हा आहे असं स्पष्ट लिहायला १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा यावा लागला.

आता या मुंबईत.

९ मे १८७४ ला मुंबईत पहिली ट्राम धावली. घोड्यांची. एक रस्ता कुलाब्याहून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी तीन आणे. सुरुवातीला तिकीटच नव्हतं, मग भाडं दोन आण्यांवर आणलं आणि तिकिटं आली. कंपनी नफ्यासाठी निघालेली, तिला आपल्या उद्धाराशी काही घेणंदेणं नव्हतं. पण नफ्याला गर्दी लागते. गर्दीची जात विचारत बसलं तर ट्राम सुटणार कधी? ट्रामचा बाक भाड्याने मिळायचा. गावात वाण्याला पैसे द्यायचे तर लांबून टाकायचे, त्याने त्यावर पाणी शिंपडून घ्यायचे. इथे कंडक्टर हातातून नाणं घेतो आणि हातात तिकीट देतो. दिवसाला शेकडो हात. पुढे बसमध्ये तर त्याच्या कमरेला चामड्याची पिशवी आली. चांगल्या घरातला, जानवं घातलेला माणूससुद्धा दिवसभर चामड्यात हात घालून सुट्टे काढतोय, हे दृश्य मला मनुस्मृतीवरच्या चार व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवून जातं. अर्थात त्याने घरी जाऊन आंघोळ केली नसेल असं नाही. शहराने जात मारली नाही, दोस्तांनो. तिला फक्त गर्दीत उभं केलं. खोली भाड्याने मागायला जा, आडनाव अजून विचारतात. पण गाडीत आडनाव सांगावं लागत नाही. थांब्याचं नाव सांगावं लागतं. हे थोडकं नाही.

१९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि तिने जुनी ट्राम कंपनी विकत घेतली. बेस्ट हे नाव तिथलं. वीज विकायची आणि त्याच विजेवर ट्राम चालवायची असा दुहेरी धंदा. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली, घोडे गेले. १९२० मध्ये दुमजली ट्राम. आणि १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सहा लाख माणसं बसने गेली, पुढच्या वर्षी अडतीस लाख. तरी बस ही आधी पांढरपेशांचीच होती. आपला माणूस ट्रामचा. आणा-दोन आण्यांत ट्राम त्याला गिरणगावातून बाजारात आणि बाजारातून परत नेऊन सोडायची. १९३४ ला बस शहराच्या उत्तर भागात सरकली, १९३७ ला दुमजली बस आली, तेव्हा कुठे ती सगळ्यांची व्हायला लागली.

त्याच वर्षांत गिरण्यांत काय चाललं होतं बघा. ट्रामच्या बाकावर शेजारी बसून दोन कामगार गिरणीच्या गेटवर उतरायचे. एक जायचा साचेखात्यात, दुसरा रिंग खात्यात. साचेखात्यात पगार जास्त. पण तिथे अस्पृश्याला बंदी. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या थुंकीचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनवाल्यांना सरळ सुनावलं की साचेखातं आमच्या लोकांना मोकळं करा अशी मागणी यादीत घाला, नाही तर आमचे लोक संपात नसतील. लाल बावटेवाल्यांना ती मागणी तेव्हा पटवून द्यावी लागली, हे त्यांच्या आजच्या पोरांनी विसरू नये.

म्हणजे बाकावर बंदी नाही, कामावर बंदी. हीच मेख आहे. तिकीट काढून बसणाऱ्याला तुम्ही गिऱ्हाईक म्हणून सोसता. शेजारी उभा राहून तोच पगार घेणारा तुम्हाला सोसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच असतं असं नाही. विलायतेत ब्रिस्टल नावाचं शहर आहे. तिथल्या बस कंपनीच्या गाडीत काळा माणूस, हिंदी माणूस तिकीट काढून खुशाल बसायचा. पण ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून कंपनी त्याला घेत नव्हती, आणि गोऱ्या कामगारांच्या युनियनचा त्याला पाठिंबा होता. युनियनचा, बरं का! १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन आणि त्याच्या सोबत्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांत, २८ ऑगस्टला, कंपनीला बंदी उठवावी लागली, आणि सप्टेंबरात रघबीर सिंग नावाचा शीख माणूस तिथला पहिला गोरा नसलेला कंडक्टर झाला. त्याआधी अमेरिकेत मॉन्टगोमेरीला रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने गोऱ्यासाठी सीट सोडायला नकार दिला, १ डिसेंबर १९५५ ला. पुढे ३८१ दिवस काळी माणसं बसमध्ये चढली नाहीत, पायी चालली. नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती चालत होती, आणि ६ डिसेंबरला आपला बाप गेला तेव्हाही ती चालतच होती. सीटची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या पहिल्या मागण्यांत आणखी एक होती, ती कुणी सांगत नाही: काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमा.

परत आपल्या गाडीकडे.

७ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला आठ दिवस उरलेले, आणि मुंबई महापालिकेने बेस्ट कंपनी ताब्यात घेतली. हातात आल्या २४२ बसगाड्या, २३ मार्ग, आणि रोजचे दोन लाख अडतीस हजार प्रवासी. ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं, आद्याक्षरं तीच राहिली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. लोकांनी रस्त्यावर गर्दी करून तिला निरोप दिला. रूळ काही ठिकाणी डांबराखाली गाडले गेले.

१५ ऑगस्टचं स्वराज्य आपल्या वस्तीत किती पोचलं याचा हिशेब वेगळा. पण ७ ऑगस्टने एक गोष्ट झाली. गाडीचा मालक बदलला. ती आता शहराची झाली, आणि शहराच्या नोकरीला घटना लागू झाली. महापालिकेची नोकरी म्हणजे राखीव जागा, बिंदुनामावली, कायम हुकूम, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. ज्याच्या आज्याला टांगेवाला बसवून घेत नव्हता तो आता दुमजली गाडीचं स्टिअरिंग धरून बसलाय, आणि मागे साठ-सत्तर सगळ्या जातींची माणसं त्याच्या हातावर विसंबून डुलक्या काढताहेत. कंडक्टर झाला तर त्याने दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलत नाही. चाळीसगावच्या मोरीवर जे मोडलं होतं ते इथे सांधलं गेलं, असं मला वाटतं. एका पगारावर भाऊ शिकले, बहिणीची लग्नं झाली, गावाकडे पत्रे बसले. संध्याकाळी ड्युटी संपवून विहारात बुद्धवंदना घेणारा बेस्टवाला काका आपल्यातल्या कितीक जणांनी पाहिलाय. वर्गणीच्या वहीत पहिला आकडा त्याचाच असायचा.

गाडी तोट्यात, हे कायमचं रडगाणं. तोट्यात असणारच. गरिबाला स्वस्तात नेणारी गाडी नफ्यात कशी येणार? पण बेस्टकडे वीजही होती. शहराच्या दक्षिण भागात वीज विकून जो पैसा उरायचा तो गाड्यांच्या खड्ड्यात भरला जायचा. मलबार हिलच्या बंगल्यातला दिवा लागला की गोवंडीच्या बाईचं तिकीट स्वस्त होतं, असा हा हिशेब. मला तर हा फार सुंदर हिशेब वाटतो. एवढा समाजवाद पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही जमला नाही. पण २००३ चा वीज कायदा आला, विजेचा पैसा विजेतच राहिला पाहिजे असं धोरण पुढे आलं, आणि ही वाट हळूहळू बंद झाली. गाड्या जुन्या होत गेल्या, नव्या घेतल्या जाईनात. एके काळी चार हजारांच्या वर असलेला ताफा आटत गेला.

जानेवारी २०१९ मध्ये तीस हजारांवर कामगार संपावर गेले. ८ तारखेपासून नऊ दिवस शहरात लाल गाडी नव्हती. मुख्य मागणी अशी की बेस्टचं बजेट महापालिकेच्या बजेटमध्ये मिळवा, म्हणजे आम्ही शहराचे आहोत हे कागदावर येऊ द्या. उच्च न्यायालयात गोष्ट गेली, संप मिटला. बजेट मिळवलं गेलं नाही. महापालिकेने मदत दिली ती अटींवर. त्याच वर्षी जुलैत कमीत कमी भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये झालं. आपण खूश झालो. गर्दी परत गाडीकडे वळली.

पण त्याच सुमाराला गाड्या कुणाच्या यायला लागल्या? कंत्राटदाराच्या. याला वेट लीज म्हणतात. इंग्रजी नाव असलं की माणूस पुढे विचारत नाही, म्हणून फोडून सांगतो. गाडी कंत्राटदाराची. ड्रायव्हर कंत्राटदाराचा. दुरुस्ती त्याची. बेस्टने किलोमीटरमागे त्याला पैसे मोजायचे. तिकिटाचे पैसे बेस्टला, कंडक्टर बहुधा बेस्टचा. बाहेरून रंग तोच, नंबर तोच, थांबा तोच. प्रवाशाला कळतसुद्धा नाही. आता रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या अशा आहेत. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजारांवरून शेकड्यांवर आल्या.

आता यातली मेख. महापालिकेच्या नोकरीला राखीव जागा लागू. कंत्राटदाराला नाही. एकही जी आर रद्द केलेला नाही, एकही जातीचा शब्द कुठे लिहिलेला नाही, घटनेचं एक पानही फाडलेलं नाही. फक्त नोकरी उचलून कंपाउंडच्या त्या बाजूला ठेवली. आरक्षण आहे तिथेच आहे, त्याच्याखालची जागा नाहीशी झाली! आरक्षण बचावचे मोर्चे आपण मंत्रालयावर नेतो. ते न्यावेतच. पण आरक्षण मंत्रालयात मरत नाही, ते टेंडरच्या कागदात मरतं. ते कागद कोण वाचतो?

तुम्ही म्हणाल, कंत्राटदाराकडेही आपलीच पोरं लागतात. लागतात ना. कमी पगाराचं काम आपल्याला कुणी नाकारलंय कधी? सफाईत कंत्राट आलं तेव्हा कचऱ्याच्या गाडीवर कोण होतं? महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला २०१७ उजाडलं, आणि त्यामागे वर्षानुवर्षांची कोर्टबाजी होती. चामडं, मैला, कचरा यांत आपल्याला जन्माने राखीव जागा होत्या. घटनेने ज्या दिल्या त्या पगाराच्या, पेन्शनीच्या. त्याच उचलल्या जाताहेत.

२ ऑगस्ट २०२३ ला घाटकोपर डेपोतून कंत्राटी ड्रायव्हरांचा संप सुरू झाला आणि डेपोमागून डेपो पेटत गेले. पगार वाढवा, बेस्टच्या कामगाराला मिळतं ते आम्हालाही द्या, एवढीच भाषा. आठवडाभर गाड्या उभ्या होत्या. वर्तमानपत्रांनी प्रवाशांचे हाल छापले. ड्रायव्हरच्या घरी चूल कशी चालते ते शोधायला फार थोडे गेले. आश्वासन मिळालं, गाड्या सुटल्या. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा आहे, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कारखान्यांत आणणारा मजूरमंत्री कोण होता हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. पण कायदा लागू करायला मालक दिसावा लागतो. कंत्राटात ड्रायव्हर विचारतो तर कंत्राटदार म्हणतो बेस्टकडून बिल आलं नाही, बेस्ट म्हणते तो आमचा माणूसच नाही.

९ डिसेंबर २०२४ ची रात्र. कुर्ल्याला भर बाजारात ३३२ नंबरची इलेक्ट्रिक गाडी गर्दीत घुसली. गाडी कंत्राटी, ड्रायव्हर कंत्राटी. निदान सात माणसं मेली, कितीतरी जखमी. बहुतेक हातावर पोट असलेली. ड्रायव्हरला अटक झाली. असल्या मोठ्या इलेक्ट्रिक गाडीचं शिक्षण त्याला थोड्याच दिवसांचं दिलं होतं, असं बातम्यांत आलं. त्याची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही, मेलेल्यांची माणसं आपलीच आहेत. पण चाळीसगावचा टांगा पुन्हा आठवतो. तिथेही मालकाने गाडी दिली होती आणि हाकणाऱ्याची जबाबदारी झटकली होती.

१५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या लाल दुमजली गाडीची शेवटची फेरी झाली. माणसांनी हार घातले, फोटो काढले, डोळे पुसले. छान लेख आले, वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटवरून लहानपणी समुद्र कसा दिसायचा वगैरे. मलाही ती गाडी आवडायची. पण गाडी भंगारात गेली याचं दुःख झालेल्या एकाही लेखकाने ड्रायव्हरची कायम जागा भंगारात गेली त्यावर एक ओळ लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

आणि ९ मे २०२५ ला कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं. पहिली ट्राम निघाली त्याला बरोबर १५१ वर्षं झाली त्या दिवशी. योगायोगच असेल. धुणंभांडी करणारी बाई जाऊन येऊन दोन गाड्या बदलते, तिचा हिशेब वीस रुपयांवरून चाळीसवर गेला. म्हणजे आता बसण्याच्या हक्काला पण हात लागलाय.

६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या आपल्या लाखो माणसांसाठी बेस्ट जादा गाड्या सोडते. येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्काच्या थांब्यावर उतराल तेव्हा ड्रायव्हरच्या खिडकीशी जा, जय भीम घाला, आणि विचारा: दादा, तुमचा पगार कोण देतं? पगाराची पावती मिळते का? किती तासांची ड्युटी? फंड कापतात तो जमा होतो का? आपल्या वस्तीजवळचा डेपो असेल, देवनार, धारावी, वडाळा, विक्रोळी, कुठलाही, तिथे चहाच्या टपरीवर दोन संध्याकाळी बसा. टेंडरची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला दहा रुपये लागतात. जे हाती येईल ते मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, कागदाच्या एका बाजूला लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. ड्रायव्हरचं नाव लिहू नका, त्याची नोकरी जाईल.